गावातल्या मेजरांना आधी विचारा

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की तुमच्या घरात, गावात, सोसायटीत जे माजी सैनिक आहेत, वीरपत्नी आहेत, त्यांच्याविषयी काही विचारायचं असेल तर पाठवा. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर लांबलचक व्हॉइस नोट पण आल्या. सगळ्यांची उत्तरं इथे मावणार नाहीत म्हणून थोडी निवडली. मी स्वतः फौजी घरातली, वडील सुभेदार म्हणून पेन्शन आले, आणि आता शेजारपाजारच्या माजी सैनिकांना पेन्शनचे, ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कागद करायला मदत करते, त्यामुळे जे लिहितेय ते त्यांच्यात बसून ऐकलेलं आहे असं समजा.

ताई नमस्कार. आमच्या गावात माजी सैनिक भरपूर आहेत. दरवर्षी १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ देतो पण ते पाच मिनिटांत उरकतं, कुणाला काही वाटत नाही. यंदा नीट करायचंय, फंड मात्र बेताचा आहे. काय करावं आणि कुठला दिवस धरावा?
ग्रामपंचायत सदस्य, खटाव तालुका

दादा, आधी दिवसाचं सांगते. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला झेंडावंदन, शाळेच्या मुलांची भाषणं, खाऊवाटप, सगळं एकाच सकाळी कोंबलेलं असतं, त्यात सत्कार उरकलाच जाणार. माजी सैनिकांचा स्वतःचा असा दिवस आहे, १४ जानेवारी. फील्ड मार्शल करिअप्पा, आपल्या लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती, ते १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून हा दिवस आता देशभर माजी सैनिक दिन म्हणून पाळतात. आणि आपल्याकडे बहुतेक वर्षी त्याच दिवशी संक्रांत असते की! लोक घरी असतात, नवे कपडे घातलेले असतात, तिळगूळ तयार असतो. वेगळा मांडवही लागणार नाही.

आता कार्यक्रमाचं. माझं एकच म्हणणं आहे आणि ते सगळ्याच उत्तरांत येणार आहे, की आधी त्या माणसाला जाऊन विचारा. तुमच्या गावात कोण कुठल्या पलटणीत होतं हे ग्रामपंचायतीत कुणाला माहितीये का? बहुतेक गावांत सगळ्यांना सरसकट "मेजर" म्हणतात, मग तो शिपाई म्हणून परत आलेला असो नाहीतर सुभेदार मेजर. त्यात माया आहे, ती बदलू नका. पण स्टेजवरून नाव घेताना मात्र खरा हुद्दा, खरी पलटण, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, आणि कुठे कुठे होते, एवढं वाचायलाच पाहिजे. काही जणांना शेवटी ऑनररी कॅप्टन किंवा ऑनररी लेफ्टनंट हा मान मिळालेला असतो, तो गाळला तर त्यांना लागतं, बोलून दाखवणार नाहीत पण लागतं.

म्हणून चार कॉलेजची पोरं वहीपेन घेऊन आधी महिनाभर घरोघर पाठवा. आणि फक्त बंदूकवाल्यांकडे नको. आर्मीत ड्रायव्हर असतात, कुक असतात, सिग्नलवाले, ईएमईचे, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागाचे, मेकॅनिक, दवाखान्यातले नर्सिंग असिस्टंट असतात, नेव्ही आणि एअर फोर्सवालेही असतात जे गावात नेहमी विसरले जातात. सियाचीनवर १९८४ च्या एप्रिलपासून आपलं सैन्य बसलंय, तिथल्या माणसाला गरम जेवण करून देणारा कुकही तिथेच राहिलेला असतो ना. "मी काय, मी तर स्वयंपाक करायचो" असं म्हणून हे लोक मागच्या रांगेत जाऊन बसतात, त्यांना पुढे आणायचं काम तुमचं.

प्रत्येकाच्या माहितीचं एकेक पान करा, सगळी पानं मिळून ग्रामपंचायतीची एक वही करा आणि ती शाळेत ठेवा. याला खर्च किती, शे-दोनशे रुपये. शाली परवडत असतील तर द्या, पण घरात शालींची चळत असते त्यांच्या.

मग बसायची सोय. ७१ च्या लढाईतले जे आहेत ते आज सत्तरीच्या पुढे आहेत, कुणी काठी टेकत येतं, त्यांना घरून आणायला गाडी पाठवा, सावलीत खुर्ची द्या, आणि पाहुण्यांची भाषणं आवरती घ्या. पाहुणा तासभर बोलतो आणि ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे तो उन्हात घामाघूम, हे मी फार ठिकाणी पाहिलंय आणि प्रत्येक वेळी राग आलाय. झेंडा असेल तर तो गावातल्या सगळ्यात वयस्क माजी सैनिकाच्या किंवा वीरमातेच्या हस्ते लावा. आणि मेडल्स लावून यायला सांगा, आवर्जून सांगा, कारण लोक लाजतात, ट्रंकेत ठेवलेली असतात. सैनिकाने स्वतःची मेडल्स डाव्या छातीवर लावायची असतात, आणि जो हयात नाही त्याची मेडल्स त्याच्या घरच्याने अशा मानवंदनेच्या प्रसंगी लावायची तर उजव्या बाजूला.

आता मुद्द्याचं, आणि हे तुम्ही ग्रामपंचायतीत आहात म्हणून तुम्हालाच सांगते. राज्य सरकारने २०२० साली बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने योजना आणली त्यात माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना राहत्या एका घराची घरपट्टी माफ आहे, गावातही आणि शहरातही. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र जोडायचं आणि अर्ज करायचा. आता तुमच्या गावात किती जणांची माफ झालीये ते रजिस्टर उघडून बघा. कित्येकांना माहीतच नसतं, आणि माहीत असलेले एकदा फेरी मारून "साहेब नाहीत" ऐकून परत जातात आणि पुन्हा येत नाहीत, कारण मागायची सवयच नसते त्यांना. तुम्ही ग्रामसेवकांना घेऊन बसा, सगळ्यांचे अर्ज एका दिवसात भरून घ्या, आणि १४ जानेवारीला स्टेजवर त्या मंजुरीचे कागद हातात द्या. सोबत सेवा केंद्रवाल्याला बसवा म्हणजे ज्यांचे हयातीचे दाखले राहिलेत ते तिथेच स्पर्शवर, म्हणजे सरकारच्या पेन्शन पोर्टलवर, चढतील. पेन्शन आता बहुतेक सगळी स्पर्शमधून येते, वर्षाला हयातीचा दाखला गेला नाही की ती थांबते आणि म्हाताऱ्या माणसाला काय झालं तेच कळत नाही. असा कार्यक्रम केलात तर लोक पुढची दहा वर्षं नाव काढतील तुमचं.

ताई, माझे बाबा आर्मीत होते, १९८७ ला श्रीलंकेत गेले होते. कारगिलवाल्यांचे सगळीकडे सत्कार होतात, बोर्ड लागतात, बाबांना कधी कुणी विचारलं नाही आणि ते स्वतःही काही बोलत नाहीत. दिवाळीत फटाके लागले की आत जाऊन बसतात. मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठून करू कळत नाही.
एक मुलगी, सांगली

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. श्रीलंकेत गेलेल्या लोकांविषयी आपण फारच कमी बोलतो हे खरंय. जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, शांतिसेना म्हणून आपली फौज गेली, आणि ऑक्टोबरपासून जाफन्यात लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी समोरासमोर लढाई सुरू झाली. शांतता राखायला गेलेल्या पोरांना गल्लीबोळात, नारळीच्या बागांत, रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांवरून लढावं लागलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली तोपर्यंत आपले सुमारे १,२०० जवान शहीद झाले होते. कारगिलमध्ये ५२७ शहीद झाले, त्यांच्या घरांचं दुःख तसूभरही कमी नाही, पण आकडा बघितलास तर कळेल की ऑपरेशन पवन, म्हणजे श्रीलंकेतली ही मोहीम, किती मोठी गोष्ट होती. कारगिल टीव्हीवर दिसलं, आपल्याच डोंगरांवर झालं, आणि शेवट विजयाचा झाला. श्रीलंकेचं राजकारण गुंतागुंतीचं होतं, परत आल्यावर त्यावर कुणाला बोलायचं नव्हतं, आणि त्याचा भुर्दंड जवानांनी सोसला, ज्यांचा त्या राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता, जे हुकूम आला म्हणून गेले.

आणि तुला माहितीये का, त्या मोहिमेत एकच परमवीर चक्र मिळालं, मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना, आणि ते जन्मले, शिकले आपल्या मुंबईत, होते महार रेजिमेंटमध्ये. २५ नोव्हेंबर १९८७ ला रात्री सर्च करून परत येताना त्यांच्या तुकडीला घेरलं, त्यांनी मागून वळसा घालून हल्ला चढवला, छातीत गोळी लागल्यावरही शेवटपर्यंत आपल्या माणसांना ऑर्डर देत राहिले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात शांतिसेनेतल्या शहिदांची नावं बाकी सगळ्यांच्या बरोबरीने कोरलेली आहेत. ते स्मारक २०१९ ला उघडलं. कोलंबोजवळही शांतिसेनेचं स्मारक आहे. बाबांची तब्येत साथ देत असेल तर त्यांना दिल्लीला घेऊन जा. पण आधी विचार, "बाबा, जायचं का?" असं सरळ. अचानक सरप्राइज म्हणून नेऊन उभं करू नकोस. कदाचित त्यांच्या पलटणीतल्या कुणाचं नाव तिथे असेल, आणि ते नाव समोर बघायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

बोलतं कसं करायचं म्हणशील तर "लढाईत काय झालं" असं कधीच विचारू नकोस. भरतीला कुठे उभे राहिले, कितव्या प्रयत्नात घेतलं, ट्रेनिंगमधला उस्ताद कसा होता, जाफन्यात पाणी कुठून आणायचे, घरून पत्र किती दिवसांनी यायचं, बंकमधला जोडीदार कोण होता, कुठल्या गावचा होता. जोडीदाराचं नाव निघालं की बाकीचं आपोआप येतं, आज नाही तर सहा महिन्यांनी. आणि तो जोडीदार हयात असेल तर त्याचा नंबर शोध. पलटणींचे आता व्हॉट्सॲप ग्रुप असतात, स्थापना दिवसाला माजी सैनिकांचे मेळावे असतात, तिथे नेलंस ना तर तुला तुझे बाबा ओळखू येणार नाहीत इतके बोलतील. आम्हा घरच्यांशी जे बोलत नाहीत ते एकमेकांशी अर्ध्या वाक्यात बोलून मोकळे होतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

डिस्चार्ज बुक बघून ठेव, त्यात सर्व्हिसची सगळी नोंद असते. मेडल हरवलं असेल तर रेकॉर्ड ऑफिसला आर्मी नंबर घालून लिहिता येतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवला की सोपं जातं. जी आहेत ती साफ करून रिबनसकट एका पट्टीवर ओळीने बसवून घे, हे करणारी दुकानं कॅन्टोन्मेंटच्या बाजारात असतात. फ्रेम करून हॉलमध्ये लाव, खाली पलटणीचं नाव आणि "ऑपरेशन पवन, श्रीलंका" एवढं लिही. येणारा जाणारा विचारेल, आणि बाबांना स्वतःहून विषय काढायची गरज राहणार नाही.

फटाक्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. झोप नीट लागत नसेल, दचकून उठत असतील, चिडचिड अचानक होत असेल तर ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये सांगून मानसोपचार तज्ज्ञांचं रेफरल घ्यायचं, तो त्यांचा हक्क आहे, त्याला वेडबिड कुणी म्हणत नाही. आणि सोसायटीतल्या मुलांना नीट समजावून सांगितलंस की आमच्या खिडकीखाली सुतळी बॉम्ब लावू नका, का नको तेही सांगितलंस, तर मुलं ऐकतात. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर ऐकतात असा माझा अनुभव आहे.

आमच्या सोसायटीचे गेटवरचे वॉचमन माजी सैनिक आहेत हे मला आत्ता कळलं, दोन वर्षांनी. कमिटीवर आहे म्हणून विचारतो, त्यांच्यासाठी वर्गणी काढून काही भेट द्यावी का?
सोसायटी सेक्रेटरी, पुणे

वर्गणी नको काका. एकदा भेट दिली की लोकांना वाटतं झालं आपलं.

फौजी इतक्या लवकर रिटायर का होतो हे शहरात बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. लष्कराला तरुण लोक लागतात, म्हणून शिपाई माणूस पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. तेव्हा मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज असतं, आईवडील थकलेले असतात. पेन्शन असते पण त्यावर सगळं भागत नाही, म्हणून दुसरी नोकरी लागतेच. आणि शहरात त्याला बाहेर एकच नोकरी चटकन मिळते, गेटवरची. ज्याने वायरलेस सेट चालवला, स्टोअर सांभाळलं, दीडशे माणसांचा लंगर चालवला, तीस गाड्यांचा काफिला बर्फातून नेला, त्याला आपण रजिस्टरमध्ये डिलिव्हरीवाल्यांची नावं लिहायला बसवतो. कामात कमीपणा नाहीये, पण त्याला यापेक्षा जास्त येतं, ते काय येतं ते विचारलंत का कधी?

तर तुम्ही कमिटीवर आहात म्हणून करता येण्यासारखं सांगते. पगार एजन्सीकडून त्यांच्या हातात किती पडतो ते बघा, तुम्ही जे भरता आणि त्यांना जे मिळतं त्यात फरक किती आहे ते विचारायचा सोसायटीला अधिकार आहे. ड्युटी बारा तासांची असेल तर आठची करा, थोडा मेंटेनन्स वाढेल, मीटिंगमध्ये मांडा आणि का मांडताय तेही सांगा. नीट खुर्ची, पंखा, टॉयलेट, हे गेटवर असायलाच हवं, माजी सैनिक असो वा नसो. पुढच्या वेळी सुपरवायझर किंवा इस्टेट मॅनेजरची जागा निघाली तर आधी त्यांना विचारा. आणि तुमच्यापैकी कुणाची कंपनी असेल, कारखाना असेल, तर स्टोअर, ट्रान्सपोर्ट, मेंटेनन्स अशा जागांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कळवता येतं, तिथे नोकरी शोधणाऱ्या माजी सैनिकांची नोंदणी असते. राज्याचं माजी सैनिक महामंडळ, मेस्को, पुण्यातच आहे, ते सुरक्षारक्षकांबरोबर इतरही माणसं देतात.

हाक मारताना "ए वॉचमन" बंद. हवालदार असतील तर हवालदारसाहेब म्हणा, लहान मुलांना काका म्हणायला शिकवा. आणि २६ जानेवारीला झेंडा त्यांच्या हातून लावा, ड्युटीवर उभं ठेवून नाही, त्या दिवशी त्यांच्या जागी सोसायटीतल्या दोन पोरांनी गेटवर बसायचं.

आमचा महिला बचत गट आहे. गावात दोन वीरपत्नी आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवावं असं आम्हा तरुण बायकांना वाटतं पण मोठ्या बायका म्हणतात त्यांना उगाच वाईट वाटेल. काय करू?
बचत गटातली एक जण, शिरोळ तालुका

बोलवा. अगदी बोलवा, आणि पहिलं कुंकू त्यांना लावा.

अगं तुझ्याच तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला ना, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे बंद. महाराष्ट्रात पहिल्यांदा, आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करा म्हणून परिपत्रक काढलं. आणि तुझ्याच तालुक्यात सैनिक टाकळी आहे, जिथल्या घराघरात पिढ्यान्पिढ्या फौजी. हे दोन्ही शेजारी असताना शिरोळ तालुक्यात वीरपत्नी हळदीकुंकवाबाहेर राहत असेल तर आपणच त्याला जबाबदार.

मोठ्या बायकांशी भांडू नका मात्र. त्यांना वाईट वाटेल असं ज्या म्हणतात त्यांच्या मनात काळजीच असते बऱ्याचदा. त्यांना म्हणा, चला आपण दोघी त्यांच्या घरी जाऊन विचारू, "येणार का, कुंकू लावलेलं चालेल का, की नुसतं तिळगूळ घ्यायला याल?" एखादी नाही म्हणेल, तिचा मान ठेवायचा, एखादी रडेल आणि येईल. काय हवंय ते तीच सांगेल, तिच्या वतीने ना मोठ्यांनी ठरवायचं ना आपण.

वीरपत्नीचं वय किती असतं याचा विचार करतो का आपण? पंचवीस, अठ्ठावीस, तीस. अंत्यविधीला मंत्री येतात, हजारो लोक, "अमर रहे"च्या घोषणा, टीव्हीवाले. तेराव्यानंतर ती आणि सासू-सासरे, लहान मूल, आणि बँकेतले, पेन्शनचे कागद. जी रक्कम येते तिच्यावरून घरात भांडणं होतात, माहेर-सासर दोन्हीकडून ओढाताण होते, हे बाहेर कुणी बोलत नाही पण मी फार घरांत पाहिलंय. तिला तेव्हा अशी एक मैत्रीण लागते जी सोबत तालुक्याला येईल, फॉर्मवर सही कुठे करायची ते वाचून दाखवेल, पोराला दोन तास सांभाळेल. तुमचा बचत गट हे करू शकतो. तिला गटात सभासद करून घ्या, हिशेबाची वही तिच्याकडे द्या. वर्षातून एकदा स्टेजवर फोटोला आठवायचं आणि एरवी शुभकार्याला टाळायचं, हे एकाच गावात चालतं हे मला सहन होत नाही, तुला पण झालं नाही म्हणून तू लिहिलंस, याचा फार आनंद झाला.

मी दहावीत आहे. आमच्या गावच्या चावडीत एक इंग्रजी पाटी आहे, पहिल्या महायुद्धात गावातले किती लोक गेले आणि किती मेले ते लिहिलंय. सरांनी प्रोजेक्ट दिलाय. पण मित्र म्हणतात ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचा कशाला मान करायचा?
सातारा जिल्ह्यातला एक विद्यार्थी

बाळा, प्रश्न फार चांगला विचारलास. हो, सैन्य इंग्रजांचं होतं, लढाई आपण ठरवलेली नव्हती. पण जो गेला तो कोण होता? दुष्काळी गावातला शेतकऱ्याचा पोरगा, घरी मनीऑर्डर यावी म्हणून गेलेला, बरोबर भावकीतली पोरं, आणि एकदा पलटणीत गेल्यावर शेजारच्या जोडीदाराला सोडून पळायचं नाही एवढंच त्याला ठाऊक. तो बोटीतून बसऱ्याला उतरला. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत नावाच्या गावात पूना डिव्हिजन अडकली होती, डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत वेढा, त्यात मराठा पलटणी होत्या, उपाशी राहून लढल्या, आणि शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत कितीतरी जण दगावले. तुझ्या गावच्या पाटीवरचा एखादा तिथलाच असू शकतो. तुझ्याच जिल्ह्यातलं अपशिंगे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, तिथले ४६ जण त्या महायुद्धात मारले गेले असं तिथे सांगतात, आणि तिथली पोरं आजही भरतीला धावतात.

दुसऱ्या महायुद्धाचंही बघ. रायगडमधल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला इटलीत, त्यांच्या सेक्शनमधली बाकी सगळी माणसं पडली तरी एकटे मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि ते घेतलं, नंतर तिथेच मारले गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव, एप्रिल १९४५, तेही इटलीत, जखमी जोडीदारांना पाठीवर घेऊन सुरुंग पेरलेल्या जागेतून बाहेर काढलं, तेसुद्धा गोळीबारात. आता सांग, पाठीवरच्या जोडीदाराला वाचवणं हे इंग्रजांसाठी होतं का?

आपल्याकडे तर लढता लढता गेलेल्यांची वीरगळ उभी करायची शेकडो वर्षांची पद्धत आहे. देवळाच्या आवारात शेंदूर फासलेला, लोक नुसता दगड समजतात, तो बघ. खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा त्याला नेतायत, सगळ्यात वर तो महादेवाची पूजा करतोय. कुणाच्या राजासाठी लढला हे कुणी विचारत नाही, गावाचा माणूस म्हणून त्याचा दगड गावात.

प्रोजेक्टसाठी पाटीचा फोटो काढ, खडूने अक्षरं भरू नकोस, दगड खराब होतो. म्हाताऱ्या लोकांना विचार कुठल्या घरातले गेले होते, नावं मिळाली की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर शोध, तिथे सैनिकाचं नाव घालून त्याची नोंद कुठल्या स्मारकावर आहे ते बघता येतं, बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदीत चाळीस हजारांहून जास्त जण आहेत, फ्रान्समध्ये नव्ह शापेलला भारतीयांचं वेगळं स्मारक आहे. नावाचं इंग्रजी स्पेलिंग साहेबाने ऐकेल तसं लिहिलेलं असतं, जाधवचं काहीही होतं, त्यामुळे गाव आणि पलटण दोन्ही घालून चार-पाच प्रकारे शोध. आणि मिळालं की त्या घरी जाऊन सांग. पणतवंडांना माहीतही नसेल की आपल्या पणजोबांची नोंद इराकातल्या स्मारकाशी जोडलेली आहे.

खडकीला अपंग सैनिकांचं केंद्र आहे असं ऐकलं. मुलाचा वाढदिवस तिथे साजरा केला तर चालेल का?
एक आई, पिंपरी-चिंचवड

आधी तिथल्या ऑफिसात फोन करून विचारायचं, कारण ते त्यांचं घर आहे, कुणाचा व्यायाम असतो, कुणाची ड्रेसिंगची वेळ असते, कुणाला त्या दिवशी माणसं नको असतात. तिथे राहणारे जवान कमरेखाली किंवा मानेखाली लुळे झालेले आहेत, आणि तरी व्हीलचेअरवरून खेळतात, स्पर्धांना जातात. केक कापून फोटो काढून परत येणार असाल तर जाऊ नका. जाणार असाल तर मुलाला आधी मुरलीकांत पेटकरांविषयी सांगा. पेठ इस्लामपूरचे, ईएमईतले जवान, बॉक्सिंग करायचे, १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून अपंग झाले, आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेतलं, वैयक्तिक पहिलं भारताचं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. मुलगा हे ऐकून गेला तर दया घेऊन जाणार नाही, प्रश्न घेऊन जाईल, आणि तिथल्या काकांना प्रश्न आवडतात. खडकीलाच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ पासूनची संस्था, अपंग सैनिकांना ट्रेनिंग देऊन पुन्हा कमावतं करणारी. देणगी द्यायची असेल तर तिकडेही देता येते.

७ डिसेंबरला शाळेत, ऑफिसात छोटे झेंडे देऊन पैसे घेतात ते खरंच सैनिकांना जातात का?
एक वाचक, लातूर

ध्वजदिन निधी. १९४९ पासून चालू आहे. तीन रंगांचा तो छोटा झेंडा, लाल, गडद निळा आणि फिका निळा, म्हणजे आर्मी, नेव्ही, एअर फोर्स. आपल्याकडे जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून तो गोळा होतो आणि माजी सैनिकांना, वीरपत्नींना मदत, मुलांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहं अशा कामांना जातो. शाळा-ऑफिसात पावती मागून घ्या. फेसबुकवर एखाद्या शहिदाचा फोटो टाकून कुणाचाही क्यूआर कोड दिलेला असतो त्यावर पैसे पाठवू नका, सरळ जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन द्या. आणि गेलातच तर तिथे बाकावर बसलेल्या आजोबांना विचारा काय काम आहे, बऱ्याचदा एखादी झेरॉक्स हवी असते, नाहीतर मोबाइलवर आलेला ओटीपी वाचता येत नसतो. तेवढं करून द्या आणि मग निघा.